पुतणी केबिन क्रूमध्ये निवडली गेली, घरात दोन तट पडलेत. जाणकारांनी सांगावं

दारव्हेकर_मास्तर:
नमस्कार मंडळी. मी यवतमाळ जिल्ह्यात दारव्हा तालुक्यात शिक्षक आहे. थोरल्या भावाची मुलगी अमरावतीला बी.कॉम. करत होती, नुकतीच शेवटच्या वर्षाची परीक्षा आटोपली. मैत्रिणींसोबत नागपूरला एका विमान कंपनीच्या थेट मुलाखतीला गेली आणि निवडली गेली. वैद्यकीय तपासणीही झाली. पुढच्या महिन्यात प्रशिक्षणाला बोलावलं आहे.

भाऊ म्हणतो, "कापूस विकून पोरीला शिकवलं, ते लोकांना चहापाणी द्यायला का?" वहिनीची काळजी निराळी आहे. १२ जून २०२५ ला अहमदाबादला पडलेलं विमान तिच्या डोळ्यांपुढून जात नाही. आई म्हणते, हिचं लग्न जमणार नाही. किराणा दुकानात दोन माणसं जमली की रात्रीच्या ड्युट्या आणि हॉटेलातले मुक्काम यावरच चर्चा.

मी स्वतः विमानात बसलेलो नाही, त्यामुळे भावापुढे ठामपणे बोलता येत नाही. हे काम नेमकं असतं तरी काय? लोक बोलतात त्यात तथ्य किती? या क्षेत्रात कुणी असेल, कुणाच्या घरात असेल, तर मोकळेपणानं लिहा. भावाला वाचून दाखवणार आहे. म्हणून नुसतं "जाऊ द्या हो तिला" असं लिहू नका, कारण लिहा.

मोर्शीची_संत्री:
पहिले पुतणीचं मनापासून अभिनंदन! आमच्या तालुक्यातून कुणी असं निवडलं गेलं तर मी गावभर पेढे वाटीन.

वऱ्हाडी_ठेचा:
मास्तर, राग मानू नका, पन भाऊ काई चुकीचं नाई बोलून राह्यले. मी नागपूरहून गेलो हो इमानानं. पोरी छान बोलतेत, हात जोडतेत, गाडा ढकलत येतेत. चहा बी इकत घ्या लागते. पट्टा कसा लावाचा ते हातवारे करून दाखवतेत, कोनी पाह्यत नाई. मंग याच्यात बी.कॉम.चं काय काम? बँकेची परीक्षा दे म्हना, तलाठ्याची दे म्हना. पोरगी हुशार हाये म्हनूनच सांगून राह्यलो.

नभांगण:
मी हिंगणघाटची. लग्नाआधी आणि लग्नानंतरही काही वर्षं केबिन क्रू होते, आता नागपुरात असते. ठेचाभाऊ, तुम्हाला जे दिसलं ते खरंच आहे. पण तुम्ही विमानात चढायच्या आधी आणि गाडा निघायच्या आधी जे होतं ते तुम्हाला दिसलं नाही, आणि आमचं मुख्य काम तेच.

उड्डाणाआधी ब्रीफिंग, म्हणजे क्रूची बैठक होते. आमच्या कंपनीत त्यात प्रत्येकीला सुरक्षेचे प्रश्न विचारत. तुझ्या दारापाशी अग्निशामक कुठे आहे, ऑक्सिजनची बाटली कुठे, पाण्यावर उतरावं लागलं तर तुझं दार उघडायचं की नाही, एखाद्याला फिट आली तर पहिलं काय करशील. उत्तर आलं नाही तर त्या दिवशीच्या विमानातून उतरवत. लिपस्टिक पुसट झाली म्हणून टोकत, हेही खरं. पण उतरवत ते सुरक्षेच्या उत्तरावर.

विमानात चढलो की आपापल्या जागेची उपकरणं तपासायची. मग तुम्ही येता. तुम्ही येताना आम्ही दारात उभं राहून नमस्कार करतो, तेव्हा तुम्हाला बघत असतो. कोण प्यायलेलं आहे, कोण आजारी वाटतंय, कोण धट्टाकट्टा आहे आणि वेळ पडली तर मदतीला घेता येईल, कुणाच्या मांडीवर बाळ आहे. हे सगळं मनात टिपायचं असतं.

दारं बंद झाली की "आर्म डोअर्स अँड क्रॉसचेक" अशी घोषणा ऐकली असेल. म्हणजे दाराला आपत्कालीन घसरगुंडी जोडायची आणि एकमेकींचं दार तपासायचं. त्यानंतर ते दार आतून उघडलं तर घसरगुंडी काही सेकंदांत फुगून बाहेर पडते. विमान उठताना आणि उतरताना आम्ही आमच्या घडीच्या खुर्चीवर हात मांडीखाली दाबून बसतो, तेव्हा गप्पा बंद. डोक्यात उजळणी चालू असते: आत्ता काही झालं तर बाहेर बघ, आग कुठे आहे ते बघ, दार उघड, काय ओरडायचं ते आठव. खिडकीचा पडदा वर करायला लावतो तो बाहेरची आग दिसावी म्हणून. रात्री दिवे मंद करतो ते डोळ्यांना अंधाराची सवय असावी म्हणून.

विमान बनवणाऱ्या कंपनीला दाखवून द्यावं लागतं की अर्धी दारं बंद असली तरी भरलेलं विमान ९० सेकंदांत रिकामं होतं. आमचं सगळं प्रशिक्षण त्या ९० सेकंदांसाठी. आग विझवणं, धुरानं भरलेल्या खोलीतून रांगत बाहेर येणं, पाण्यात उडी मारून तराफ्यावर लोकांना ओढून घेणं, छाती दाबून श्वास परत आणणं, विमानात बाळंतपण झालं तर काय करायचं. आणि हे एकदा शिकून संपत नाही, दरवर्षी पुन्हा परीक्षा.

सपनापूर:
@नभांगण, खूप छान लिहिलंत. विमानात कुणाचा मोबाइल पेटला तर काय करता? परवाच बातमी वाचली.

नभांगण:
पॉवर बँक किंवा मोबाइलची बॅटरी पेटली तर आधी अग्निशामकानं ज्वाळा मारायची, मग पाणी किंवा हाती लागेल ते बिनदारूचं पेय ओतत राहून बॅटरी थंड करायची. ज्वाळा विझली तरी आतली उष्णता पुन्हा पेट घेते. म्हणूनच पॉवर बँक हातातल्या सामानात ठेवायला सांगतात. खालच्या सामानात पेटली तर आमचा हात पोचत नाही.

लालपरी_वाहक:
मी एसटीत वाहक आहे. मास्तर, तुमच्या भावाला एवढंच सांगा की हे बोलणं नवीन नाही. आम्ही पहिल्यांदा खाकी घातली तेव्हा हेच ऐकलं. "बाई माणूस मुक्कामी गाडीवर जाते, रात्री कुठे झोपत असेल." मी पांढरकवड्याच्या बाजूला मुक्कामी गाडी केली आहे, मला माहीत आहे कुठे झोपतो आम्ही. शाळेच्या खोलीत, नाहीतर गाडीतच दार लावून. त्याच गावातल्या बाया आता विचारतात, ताई भरती कधी निघते, पोरीचा फॉर्म भरायचा आहे.

विमानातल्या मुलींना निदान हॉटेल असतं, कंपनीची गाडी असते. हेवा नाही करत, बरं वाटतं म्हणून सांगते.

आणि प्रवाशांचं म्हणाल तर तिकीट काढताना मुद्दाम हात धरणारा माणूस एसटीतही असतो, विमानातही असणार.

नभांगण:
@लालपरी_वाहक ताई, असतो. बोलावण्याचं बटण सोडून ओढणीला हात घालणारे, चुटकी वाजवणारे, उतरताना नंबर मागणारे. पण विमानात त्याला कायदेशीर धाक आहे. २०१७ पासून डीजीसीएचे, म्हणजे विमान वाहतुकीवर देखरेख करणाऱ्या सरकारी संस्थेचे, नियम आहेत. शिवीगाळ, अश्लील हावभाव केले तर ३ महिन्यांपर्यंत विमानबंदी, अंगाला हात लावला, धक्काबुक्की केली तर ६ महिन्यांपर्यंत, जीवावर बेतेल असं काही केलं तर कमीत कमी २ वर्षं. पोलिसात गुन्हा वेगळा. कप्तानाला कळवलं की खाली उतरल्यावर सुरक्षा दल दारात उभं असतं. मी स्वतः एकदा तक्रार लिहून दिली आणि माझ्या पर्यवेक्षक बाई शेवटपर्यंत माझ्या बाजूनं उभ्या राहिल्या.

पऱ्हाटी:
इथे सगळेच पाठिंबा देत आहेत, तर मी जरा दुसरी बाजू मांडतो. सुरक्षेचं काम आहे हे शंभर टक्के मान्य. पण मग कंपन्या पगार सुरक्षेचा देतात का? माझा मावसभाऊ या धंद्यात ग्राउंडला, म्हणजे विमानतळावरच्या कामाला आहे, तो सांगतो की पगाराचा मोठा भाग उडालेल्या तासांवर असतो. विमान हललं की मीटर चालू, थांबलं की बंद. धुक्यानं विमान दिल्लीला अडकलं, प्रवासी ओरडत आहेत, पोरगी उभी राहून सगळ्यांची समजूत काढते आहे, तो वेळ बहुतेक ठिकाणी त्या हिशोबात येत नाही. ऑगस्ट २०२५ मध्ये एअर कॅनडाचे सुमारे १०,००० केबिन क्रू याच मुद्द्यावर संपावर गेले होते, जमिनीवरच्या कामाचे पैसे द्या म्हणून.

शिवाय नोकरी कराराची. काही वर्षांनी नूतनीकरण होईल की नाही याची खात्री नाही. कंपनीच बंद पडली तर? आपल्याकडे बंद पडलेल्या विमान कंपन्या मोजायला बसलो तर हाताची बोटं पुरणार नाहीत. मास्तरांनी भावाला हेही वाचून दाखवावं. पोरीला जाऊ द्या, पण डोळे उघडे ठेवून.

नभांगण:
पऱ्हाटी, यातलं एकही वाक्य खोडणार नाही. मी याच्यात एवढंच घालते की पहिल्या वर्षापासून पैसे बाजूला टाकायला शिकवा आणि पदवी पूर्ण करा. तिची परीक्षा झाली आहे हे फार चांगलं.

वकील_उमरखेड:
लग्नाचा आणि बायकांच्या नोकरीचा विषय निघाला म्हणून एक खटला सांगतो, वाचण्यासारखा आहे. एअर इंडिया विरुद्ध नर्गेश मीर्झा, सर्वोच्च न्यायालय, १९८१. त्या काळी एअर होस्टेसना ३५ व्या वर्षी निवृत्ती होती. त्याआधीही, नोकरीला लागल्यापासून ४ वर्षांच्या आत लग्न केलं किंवा पहिल्यांदा गरोदर राहिली, की नोकरी संपली. पुरुष सहकाऱ्यांना असं काही नव्हतं. या बायका न्यायालयात गेल्या.

न्यायालयानं गरोदरपणाची अट रद्द केली, ती मनमानी आणि अत्यंत अन्यायकारक आहे असं ठरवून. ३५ नंतर मुदतवाढ द्यायची की नाही हे व्यवस्थापकीय संचालकांच्या मर्जीवर होतं, तेही काढलं. ४ वर्षांची लग्नाची अट मात्र तेव्हा ठेवली. आज मुली लग्न करून, बाळंतपणाची रजा घेऊन पुन्हा उडतात, त्यामागे अशा बायकांनी वर्षानुवर्षं दिलेली लढाई आहे. ज्या कामासाठी बायका सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेल्या, त्याला कुणी चहापाणी म्हणावं हे मला तरी पटत नाही.

वऱ्हाडी_ठेचा:
वकीलसाहेब, म्हनजे पाहा, ३५ वर्साची झाली की घरी पाठवाचे, गरोदर झाली की घरी पाठवाचे. हे गावानं नाई केलं, कंपनीनं केलं. जाहिरातीत बी सुंदर पोरगीच दाखवतेत, आग इझवनारी नाई दाखवत. मंग लोकायच्या डोक्यात दुसरं काय येईन? लोकायले एकट्यायले दोष देऊ नका.

वकील_उमरखेड:
हे मात्र बरोबर बोललात. १९३० मध्ये अमेरिकेत एलेन चर्च नावाची परिचारिका जगातली पहिली विमान परिचारिका झाली. प्रवाशांना धीर यावा म्हणून परिचारिका घ्यायच्या, ही कल्पना तिचीच. पण कंपनीनं लगेच अटी लावल्या, अविवाहित हवी, वय २५ च्या आत हवं, वजन ठरावीक हवं. रुग्णसेवेचं ज्ञान आणि दिसणं या दोन गोष्टी तेव्हापासून एकत्र बांधल्या गेल्या, आणि जाहिरातीत दुसरीच वापरली.

बिरसी_गोंदिया:
विषय निघालाच आहे तर, अमरावतीचं बेलोरा विमानतळ १६ एप्रिल २०२५ ला सुरू झालं, मुंबईचं विमान आलं. पण आमच्या बिरसीहून इंडिगोचं हैदराबादचं विमान १ डिसेंबर २०२३ लाच सुरू झालं होतं. गोंदिया पुढे!

मोर्शीची_संत्री:
अहो बेलोऱ्याला आमच्या घरून सकाळी निघून चहाच्या वेळेला पोचतो, तुमच्या बिरसीला जायला अख्खा दिवस जाईल. 🙂

सपनापूर:
बेलोऱ्याला येणारं विमान एटीआर ७२, पंख्याचं. त्यात केबिन क्रू किती असतात?

नभांगण:
दोन. ढोबळ हिशोब ५० सीटांमागे एक. १८० च्या आसपास सीटा असलेल्या मोठ्या विमानात कमीत कमी चार. म्हणजे एकेकीच्या वाट्याला पंचेचाळीस-पन्नास जीव. आणि ११ सप्टेंबर २००१ नंतर वैमानिकांच्या खोलीचं दार मजबूत करून आतून बंद ठेवतात. मागे काही झालं तर वैमानिक धावत येणार नाही, आम्हीच.

चांदूरकर:
मास्तर, एक महत्त्वाचं विचारतो. पुतणीनं कुठल्या संस्थेला पैसे भरले का? आमच्या शेजारच्या घरात फार वाईट झालं. शहरातल्या एका इन्स्टिट्यूटनं "शंभर टक्के नोकरी" असं लिहून दिलं, सोयाबीनचे आलेले सगळे पैसे फीमध्ये गेले, वरून उसनवारी. वर्षभर पोरीला चालायला शिकवलं, मेकअप शिकवला, इंग्रजीच्या नावावर पुस्तकं वाचून दाखवली. शेवटी जी मुलाखत दाखवली ती सगळ्यांना खुली असलेली, जिथे फुकट जाता येतं तीच. पोरगी घरी आली, बोलणंच सोडलं तिनं. बाप आजही तिच्यापुढे मान वर करत नाही, जसं काही त्याचाच गुन्हा.

दारव्हेकर_मास्तर:
नाही, एक रुपयाही भरला नाही. थेट मुलाखत होती. ऐकून वाईट वाटलं.

नभांगण:
@चांदूरकर, हे प्रत्येक गावात मोठ्यानं सांगायला हवं. बहुतेक कंपन्यांना बारावी पास, वय १८ ते २७ च्या दरम्यान, मुलींना साधारण १५५ सेंटिमीटर उंची, दिसणाऱ्या जागी गोंदण नको आणि बोलता येणं, एवढंच हवं असतं. कुठल्याही इन्स्टिट्यूटचा डिप्लोमा सक्तीचा नसतो. मुलाखतीला, निवडीला पैसे मागितले की समजा फसवणूक. खरं प्रशिक्षण निवड झाल्यावर कंपनी स्वतः देते, डीजीसीएनं मान्य केलेलं.

त्या मुलीला म्हणावं पुन्हा मुलाखतीला जा. वय असेल तर रस्ता बंद नाही.

देवळी_९९:
मुलं पण घेतात का? मी बारावी झालो आहे, आयटीआय करतो. घरी सांगितलं तर हसतील.

नभांगण:
घेतात. संख्या कमी आहे, पण घेतात. प्रशिक्षण, परीक्षा सगळं एकच. हसू दे.

वरूडच्या_सासूबाई:
मी फोनवर बोलून लिहून राह्यली, चुकलं तं समजून घ्या. मास्तरच्या आईनं लगन जमनार नाई म्हटलं, म्हनून लिहिते. माही सून इमानात हाये. पोराचं तिच्यासंग जुळलं तवा मी पन लय रडली. मले वाटे, गावात तोंड कसं दाखवू.

थे हैद्राबादले राह्यतेत. पहाटं चारले घरी येते, झोपते, दुपारी उठते. मी पहिल्यांदा गेली तवा मले वाटलं, सून उठत काहून नाई. मंग समजलं, रात्रभर उभी व्हती.

आता गोठ सांगते. पोळ्याले आले व्हते दोघं. दुसऱ्या दिवशी तान्हा पोळा, लेकरं लाकडाचे नंदी घेऊन अंगनात. शेजारच्या घरचं लहान पोट्टं, दोन-अडीच वर्साचं, त्यानं भुईमुगाचा दाना तोंडात टाकला अन् थो अटकला. आवाज नाई, खोकला नाई, ओठ निळे पडले. त्याची माय त्याच्या तोंडात बोट घालाले गेली. माह्या सुनेनं तिचा हात धरला, म्हने बोट नका घालू, अजून आत जाईन. पोट्ट्याले आपल्या मांडीवर पालथं घेतलं, डोकं खाली, अन् दोन्ही खांद्याच्या मधात तळहाताच्या टाचेनं जोरात मारलं. एक, दोन, तीन. दाना बाहेर पडला अन् पोट्टं बोंबललं. तिनं त्याच्या मायले सांगतलं, आता बरं दिसते तरी डॉक्टरले दाखवून या. अन् मंग स्वयपाकघरात येऊन बसली, तिचे हात कापून राह्यले व्हते. मी तिले पानी देल्लं.

त्याच्या पह्यले गावातल्या बाया मले काय काय म्हनत, मी सांगत नाई. त्याच बायायनं त्या दिवशी तिले ओटी भरली. मास्तर, तुमच्या आईले माहा नंबर द्या. मी बोलते.

मोर्शीची_संत्री:
काकू, वाचताना अंगावर काटा आला.

लालपरी_वाहक:
काकू, नमस्कार तुम्हाला आणि सूनबाईंना. 🙏

वऱ्हाडी_ठेचा:
काकू, हे वाचून मी घरी सगळ्यायले वाचून दाखवलं. माहं लेकरू बी तेवढंच हाये.

पन मले एक गोठ अजून सांगाची हाये. इथं सगळे म्हनून राह्यले की थे चहा देनाऱ्या नाईत, जीव वाचवनाऱ्या हायेत. मान्य. पन चहा देला तं काय कमीपना हाये का? आपल्या इकडं लग्नाच्या पंगतीत वाढाले घरचा जावई, मोठा भाऊ, पाटील बी उभा राह्यते. आग्रह करून वाढनाऱ्याले मान असते. मंग इमानात वाढलं की थे हलकं कसं? मी मास्तरच्या भावाले हेच सांगीन. पोरगी जीव वाचवन तं वाचवन, पन कोन्या उपाशी म्हाताऱ्याले भात गरम करून देईन तरी थे चांगलंच काम हाये.

नभांगण:
ठेचाभाऊ, तुमचं हे वाचून डोळे भरले. खरं सांगू, आम्ही स्वतःचा बचाव करताना नेहमी "आम्ही वाढपी नाही" असं म्हणतो, आणि त्यात वाढणाऱ्यांचा अपमान करतो.

एकदा नागपूर-मुंबईच्या विमानात एक आजोबा होते, उपचाराला निघालेले, सोबत मुलगा. धोतर, टोपी, हातात कापडी पिशवी, ती सोडायला तयार नाहीत. वर ठेवा म्हटलं तर घट्ट धरून बसले. मी खाली बसले आणि आपल्या बोलीत विचारलं, "बाबाजी, काय हाये पिशवीत?" तर कागद होते, सगळे रिपोर्ट. मी म्हटलं समोरच्या सीटखाली ठेवू, तुमच्या पायाला लागेल अशी. तेव्हा दिली. नंतर त्यांना पाणी दिलं, गोळी घेतली त्यांनी. बस. त्या दिवशी काही वाचवलं नाही कुणाला. पण तेही माझं काम होतं आणि ते मी नीट केलं.

डॉ_अचलपूर:
वहिनींच्या भीतीबद्दल कुणी लिहिलं नाही म्हणून लिहितो. ती भीती खोटी नाही. अहमदाबादच्या विमानात २४२ जण होते, त्यातले २४१ गेले, त्यात १० केबिन क्रू. महाराष्ट्रातल्या मुलीही होत्या. वहिनींना "काही होत नाही हो" असं कुणी सांगू नये.

पण त्याचबरोबर २ जानेवारी २०२४ ची टोकियोची घटनाही सांगा. हानेदा विमानतळावर जपान एअरलाइन्सचं विमान उतरताना तटरक्षक दलाच्या विमानाला धडकलं आणि पेटलं. तटरक्षक विमानातले पाच जण गेले. मोठ्या विमानात ३७९ जण होते, सगळेच्या सगळे बाहेर आले. आठ दारांपैकी तीनच वापरता येण्यासारखी होती. घोषणेची यंत्रणा बंद पडली होती, क्रूनं भोंगा वापरला, ओरडून सूचना दिल्या. कुठल्या दाराबाहेर आग नाही हे खिडकीतून बघून त्यांनी ठरवलं. लोकांनी सामान सोडलं. पुढे सगळं विमान जळून गेलं.

आणि नीरजा भनोत. ५ सप्टेंबर १९८६, कराची, पॅन अॅमचं विमान, मुंबईहून निघालेलं. अतिरेकी चढताच क्रूनं वैमानिकांना इशारा दिला, वैमानिक बाहेर पडले, त्यामुळे विमान पळवून नेता आलं नाही. अमेरिकन प्रवासी ओळखू येऊ नयेत म्हणून नीरजा आणि तिच्या सहकारी मुलींनी पासपोर्ट लपवले. सुमारे १७ तासांनी गोळीबार सुरू झाला तेव्हा तिनं दार उघडून लोकांना बाहेर काढलं आणि मुलांना वाचवताना गेली. वय २२. तिला मरणोत्तर अशोकचक्र मिळालं. तिच्यासोबतच्या बाकीच्या मुलीही तिथेच उभ्या होत्या, त्यांचं नाव कुणी घेत नाही.

आईची भीती मी बोलून घालवू शकत नाही. माझ्या दवाखान्यात दर आठवड्याला मोटारसायकलवरून पडलेली पोरं येतात, तरी त्यांच्या आया त्यांना गाडीची चावी देतात. वहिनींनी पोरीशी स्वतः बोलावं, तिला काय वाटतं ते विचारावं.

सपनापूर:
डॉक्टर, विमान पेटलं असताना लोकांनी बॅगा सोडल्या हे वाचून आपल्याकडचं आठवलं. चाकं टेकली नाहीत तोच अर्धं विमान उभं राहून वरचे कप्पे उघडतं. मी यापुढे शेजारच्याला बसा म्हणणार.

लालपरी_वाहक:
एसटी थांब्यावर थांबायच्या आधी दारात उभे राहणारे तेच. 😀 दोन्हीकडे सांगून सांगून घसा बसतो.

दारव्हेकर_मास्तर:
मंडळी, काल रात्री जेवणानंतर सगळा धागा मोठ्यानं वाचला. भाऊ खाटेवर पडून ऐकत होता. ठेचाभाऊंचा पहिला प्रतिसाद आला तेव्हा "बरोबर आहे" म्हणाला. पंगतीचं वाचलं तेव्हा काहीच बोलला नाही. पऱ्हाटींचं वाचलं तेव्हा उठून बसला आणि म्हणाला, हा माणूस खरं बोलतो, करार दाखव. पुतणीनं करार आणला, आम्ही तिघं बसून वाचला. त्यात ठरावीक काळाच्या आत नोकरी सोडली तर रक्कम भरून द्यायची अट आहे. भाऊ त्यावर अडला आहे.

वहिनीनं पोरीला जवळ घेतलं आणि काय बोलल्या ते मला माहीत नाही, दार लावून बोलल्या. आईला वरूडच्या काकूंशी बोलायचं आहे.

होकार अजून झालेला नाही. पण आता भांडण कराराच्या अटीवर आहे, पोरीच्या अब्रूवर नाही. हा फरक तुमच्यामुळे पडला आणि मला तो फार मोठा वाटतो. या अटीबद्दल, म्हणजे बाँडबद्दल कुणी सांगू शकेल का?

वकील_उमरखेड:
त्या कलमाचा फोटो व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा, नावगाव झाकून. तीन गोष्टी पाहा: काळ किती, रक्कम दर महिन्याला कमी होत जाते की शेवटपर्यंत तेवढीच राहते, आणि प्रशिक्षणात नापास झाली किंवा वैद्यकीय कारणानं बाहेर पडली तर रक्कम लागते का. तिसऱ्याचं उत्तर कागदावर नसेल तर कंपनीला ई-मेलवर विचारा आणि लेखी उत्तर ठेवा. फोनवरचं बोलणं धरू नका.

वरूडच्या_सासूबाई:
मास्तर, नंबर पाठवला. सकायी स्वयपाकाच्या आधी करा म्हना, मंग मी वावरात जाते.

नभांगण:
मीही व्यनि केला आहे. भावांना संध्याकाळी सातनंतर फोन करायला सांगा, माझे यजमानही बोलतील. आणि पुतणीला सांगा, आत्तापासून रोज अर्धा तास इंग्रजीत मोठ्यानं वाचायचं आणि जवळ कुठे पोहण्याची सोय असेल तर पाण्याची भीती घालवून घ्यायची. प्रशिक्षणात पाण्यात उतरावंच लागतं, आणि आपल्या भागातल्या मुली तिथेच घाबरतात.